ग्रामर स्कूल

इंग्लंडमधील लीड्सच्या जुन्या ग्रामर स्कूलशी माझी पहिली ओळख झाली ती कवितेतून. टोनी हॅरिसन (१९३७-२०२५) हा बेकरी कामगाराचा मुलगा शिष्यवृत्ती मिळवून मुलांच्या या शाळेत आला. कीट्सची कविता तो आपल्या गावच्या उच्चारात वाचू लागताच शिक्षकांनी त्याला थांबवले. पुढे ‘मॅक्बेथ’मधील दारुड्या द्वारपालाची भूमिका त्याच्या वाट्याला आली. ‘द स्कूल ऑफ एलोक्वन्स’ (१९७८) या संग्रहात ही हकीकत येते. खुद्द कीट्सलाही त्याच्या काळी ‘कॉकनी’ म्हणून हिणवले गेले होते, याचे त्या शिक्षकांना विस्मरण झाले असावे.

शाळेचा पूर्वेतिहास पाहिला, की या प्रसंगाचे नवल वाटत नाही. विल्यम शेफील्ड या धर्मगुरूच्या मृत्युपत्रातून १५५२ साली ती उभी राहिली. ‘ग्रामर’ म्हणजे लॅटिन आणि ग्रीक. गावची इंग्रजी नव्हे. कापडाच्या व्यापारावर वाढलेल्या या गावाला फ्रेंच, जर्मन असे व्यवहारोपयोगी विषय हवेसे वाटू लागले, तेव्हा वाद न्यायालयात गेला. १८०५ मध्ये लॉर्ड एल्डन यांनी डॉ. जॉन्सनच्या कोशातील ‘ग्रामर स्कूल’चा अर्थ प्रमाण मानला आणि देणगीचे उत्पन्न त्या विषयांकडे वळविण्यास नकार दिला. न्यायाधीशाने कोशाच्या आधारे गावाला त्याची शाळा कशासाठी आहे हे सांगावे, याचे माझ्यासारख्या कोशवेड्याला आधी कौतुकच वाटले. १८४० च्या कायद्याने हे बंधन सैल झाले. भाषेचा तोरा मात्र तसा सैल होत नाही.

त्याच शाळेने दिलेले ग्रीक हॅरिसनने पुढे आपल्या मुलखाकडे वळवले. १९८१ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरने सादर केलेल्या त्याच्या ‘ओरेस्टिया’च्या इंग्रजीवर उत्तरेच्या बोलीचा ठसा आहे.

१९९७ मध्ये शाळा शहराच्या कडेला अलवुडलीत गेली. २००५ साली १८७६ पासूनच्या मुलींच्या हायस्कूलशी तिचे विलीनीकरण झाले आणि २००८ पासून दोन्ही शाळा एका आवारात आल्या. नव्या नावातही ‘ग्रामर’ राहिले. १८५९ पासूनची जुनी इमारत विद्यापीठाकडे गेली. तेथे आता बिझनेस स्कूल भरते. एल्डन यांच्यापुढे हरलेल्या व्यापाऱ्यांना हे पाहून काय वाटले असते!

ती इमारत मी पाहिलेली नाही. तो वर्ग मात्र मला ठाऊक आहे. हॅरिसनची कविता मी आवेशाने शिकवीत असे, त्याच वर्षांत मराठीच्या तासाला एका विद्यार्थ्याने ‘पाणी’चे ‘पानी’ केले. मी त्याला मध्येच थांबवून पुस्तक शेजारच्याकडे द्यायला सांगितले. आवाजात राग नव्हता, सौजन्य होते. तेच अधिक लागले असणार. उरलेली दोन वर्षे तो वाचायला उठला नाही. हे माझ्या ध्यानात आले होते. मी त्याला विचारले नाही. लेखी परीक्षेत त्याला चांगले गुण पडले. ते मीच दिले होते.