कान तुटलेले कप

लेकीकडे न्यू जर्सीला गेलं की ती आम्हा दोघांना कुठे ना कुठे जेवायला नेतेच. गेल्या वर्षी म्हणाली, "बाबा, आज तुमच्या काळातल्या हॉटेलात जाऊया." माझ्या काळात अमेरिका होती, पण मी तिथे नव्हतो, हे तिला कोण सांगणार!

ते हॉटेल म्हणजे 'डायनर'. याची कुळकथा मजेशीर आहे. १८७२ साली प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसाने घोडागाडीतून रात्रपाळीच्या लोकांना खाणं विकायला सुरुवात केली. पुढे गाडीचंच हॉटेल झालं. मग अशी हॉटेलं चक्क कारखान्यात तयार करून जागेवर नेऊन ठेवू लागले. न्यू जर्सीत असे कारखाने होते. म्हणून जुना डायनर आगगाडीच्या डब्यासारखा लांबट दिसतो.

आम्ही गेलो तो मात्र खरा जुना नव्हे. अलीकडेच बांधलेला, १९५०च्या दशकाचं सोंग घेतलेला. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची फरशी, लाल रेग्झिनची बाकं, चकचकीत स्टील, कोपऱ्यात गाण्यांचं ज्यूकबॉक्स. वाढणारी बाई कॉफी ओतताना मला 'हनी' म्हणाली. या वयात! बायकोला हसू आवरेना. सोमवार असल्यामुळे तिने चीज घातलेला भाजका पाव घेतला, मी बर्गर. मिल्कशेक ग्लासात ओतून, ज्या स्टीलच्या भांड्यात घुसळला ते भांडंही उरलेल्या शेकसकट शेजारी ठेवतात, हे मला फार आवडलं. आपल्याकडे उरलेलं आत जातं.

नातीने काउंटरपुढचं गोल स्टूल पकडून तीन-चार गिरक्या घेतल्या. आणि माझा घास तिथेच थांबला.

तसलीच स्टुलं मी दोन दिवसांपूर्वी पाहिली होती, वॉशिंग्टनच्या अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो गावात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानातल्या काउंटरवर जाऊन बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. ती मिळाली नाही. त्याआधी त्याच दुकानात त्यांनी टूथपेस्ट वगैरे विकत घेतली होती, तिचे पैसे दुकानाने बिनतक्रार घेतले होते. पोरं उठली नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी आली. जुलैअखेर त्या काउंटरवर सर्वांना वाढायला लागले. देशभरच्या हॉटेलांसाठी कायदा व्हायला मात्र १९६४ उजाडलं. त्या काउंटरचा एक तुकडा आता संग्रहालयात आहे.

न्यू जर्सीतल्या या डायनरचा त्या दुकानाशी काही संबंध नाही, हे कबूल. पण भिंतीवर लावलेल्या जुन्या फोटोंत काउंटरवर बसलेले झाडून सगळे गोरे होते. ते मी मोजत बसलो. लेक म्हणाली, "बाबा, खा ना, गार होतंय."

तिला काय सांगू? त्याच आठवड्यात गोव्याहून पुतण्याचा निरोप आला होता. फोंड्याकडच्या आमच्या गावात आजोबांचं चहाचं हॉटेल होतं. कित्येक वर्षं बंद आहे. ते त्याला पुन्हा उघडायचंय, जुन्या थाटात. "काका, तिथे काय काय होतं त्याची यादी करून पाठव. सगळं जसंच्या तसं करतो."

होतं खरं पुष्कळ. पितळी किटली, संगमरवरी फरशीची टेबलं, काचेच्या बरण्या, पातळभाजी, बन्स, फळीवरचा रेडिओ. आणि बाहेर सोप्याच्या खांबाला आणखी एक फळी. कपाचा कान तुटला की तो कप त्या फळीवर जायचा. गावाबाहेरच्या वाड्यावरची माणसं आली की त्यांनी तिथला कप घ्यायचा, पायरीवर बसायचं, आपला आपण धुऊन परत ठेवायचा. पैसे पायरीवर ठेवायचे. भाव मात्र आतल्याइतकाच, त्यात आजोबांनी कधी सूट दिली नाही.

सुट्टीत मी दुकानावर असे. बाहेरच्यांना चहा ओतायचं काम माझ्याकडे. किटली कपाला लागता कामा नये, म्हणून हातभर वरून धार धरायची. माझा एक थेंब सांडत नसे. आजोबा गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवत. एकदा माझ्या वर्गातला मुलगा बापाबरोबर आला. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. त्याने फळीवरचा कप घेऊन समोर धरला, मी ओतला. त्याने माझ्याकडे पाहिलं की नाही, मला आठवत नाही. मी धारेकडे बघत होतो.

त्या रात्री बसून यादी केली. किटली, टेबलं, बरण्या, रेडिओ. सगळं लिहून झाल्यावर बराच वेळ तसाच बसलो. मग खाली लिहिलं, 'बाहेरची फळी. कान तुटलेले चार कप.' आणि पाठवून दिलं.

पाच मिनिटांत उत्तर. "कान नसलेले कप? मस्त आयडिया काका! बाहेरच्या टेबलांवर तेच ठेवूया. फोटो आहे का?"

पोराला खरंच माहीत नाही. तो जन्मला तेव्हा फळी काढून कैक वर्षं झाली होती, आणि घरात त्याबद्दल कुणी कधी बोललं नाही. मीही नाही.

मी फोन लावला. गोव्यात तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते.