गोटमारीच्या दिवशीचा डायनासोर

आमच्या वेळी क्रोशाची सुई हातात आली की तोरण, ताटावरचा रुमाल नाहीतर टीव्हीचं कव्हर, एवढंच विणायचं. आता ते कोणालाच नको असतं. नातवंडांना हवा असतो डायनासोर! म्हणून साठीनंतर मी तेच शिकले.

काम तसं सोपं. लोकरीच्या गोलात 6 मुके खांब, पुढच्या फेरीत 12, मग 18, मग 24. पोट फुगलं की खांब कमी करत शेपटीकडे जायचं. सुई नेहमीपेक्षा एक नंबर बारीक घ्यायची, म्हणजे वीण घट्ट येते आणि आतलं भरण बाहेर डोकावत नाही. आपल्याकडे कापसाला तोटा नाही, पण धुतल्यावर त्याच्या गाठी होतात, वाळतोही उशिरा; म्हणून भरायला फायबर घेते. डोळे काळ्या धाग्याने काढते. मणी-बटणं लावत नाही, लहान लेकरं तोडून तोंडात घालतात.

माझी मुलगी सौंसरला दिली आहे. तिच्या मुलाला लांब मानेचाच डायनासोर लागतो, कारण तो "आपल्या एमपीचा"! खरंच आहे ते. 1828 मध्ये जबलपूरला स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला त्याची हाडं सापडली आणि 1877 मध्ये त्याचं नाव टायटॅनोसॉरस ठेवलं गेलं.

ही मंडळी पोळ्याला पांढुर्ण्याला येतात. दुसऱ्या दिवशी गोटमार. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड, त्यावर झेंडा, एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव आणि दिवसभर दगड. माझं माहेर सावरगावचं, सासर पांढुर्ण्याचं. त्या काठावर भाऊ, या काठावर दीर. भावाच्या कपाळाला सात टाके पडले तेव्हा मी नवी नवरी होते. घरात जल्लोष चाललेला आणि मला रडायचीही चोरी. चंडीमातेला आजही मनोभावे हात जोडते, पण त्या दिवशी लेकरू घराबाहेर सोडत नाही.

नातू अकरा वर्षांचा झाला तेव्हा म्हणाला, "आजी, मले नुसतं पाहू तरी दे ना वं." मी त्याला फेऱ्या मोजायला बसवलं. तो मोठ्याने खांब मोजत होता आणि नदीकडून आरडाओरडा ऐकू येत होता. मध्येच अँब्युलन्स गेली. तो थांबला.

"मामाआजोबाला किती टाके पडले होते?"

"सात."

थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आपण अठरावर होतो, आजी." संध्याकाळपर्यंत डायनासोरची मान पूर्ण झाली.

यंदा तो तेराचा होईल. माझ्याजवळ बसेल की नाही, सांगता येत नाही. मिसरूड फुटायला लागलं की पोरं कोणाचं ऐकतात? हिरवी लोकर मात्र आणून ठेवली आहे.

तुमच्या घरी त्या दिवशी पोरांना कसं थांबवता? सांगा बरं.