फिरकीचा तांब्या

पलंगावर चाकांची नवी बॅग उघडी पडली होती आणि तिच्याभोवती गादीभर सामान. दोन सुती साड्या, चार पंजाबी ड्रेस, वाळूत चालायच्या रबरी चपला, सुनेने पुण्याहून पाठवलेली रुंद काठाची टोपी, बीपीच्या गोळ्या, आवळासुपारीची डबी. धाराशिवच्या या निवृत्त शिक्षिकेला शाळेत सगळे ‘बाई’ म्हणायचे. गल्ली अजूनही तेच म्हणते. बाईंचं बाकी सगळं जागच्या जागी लागलं होतं. अडलं होतं ते एका पितळी तांब्यापाशी.

तांब्या फिरकीचा. पोट गरगरीत, गळा आखूड, गळ्याला बाहेरून आटे पाडलेले आणि त्यावर तीन वेढ्यांनी घट्ट बसणारं झाकण. झाकण उलटं धरलं की त्याचंच फुलपात्र. उचलायला वर कडी. पोटावर डाव्या बाजूला अंगठा बसेल एवढा पोचा. आतली कल्हई कितीदा उडाली आणि कितीदा लावून घेतली, त्याचा हिशेब नाही. पाणी भरलं की एका हाताला जड होतो, म्हणून हात बदलत न्यावा लागतो.

“आई, जहाजावर पाणी मिळतं गं,” मुलगा फोनवर म्हणाला. शेजारीण तर दारातूनच हसली. “बाई, समुद्रात निघालाव आन् पाणी संगं घेऊन?” बाईही हसल्या. तांब्या कपाटात गेला. जेवणं झाल्यावर परत पलंगावर आला.

प्रवास होता मुंबईहून लक्षद्वीपचा. चार-पाच दिवसांची जलसफर, मधे एक दिवस बेटावर. बाईंच्या आयुष्यातला हौसेखातर केलेला हा पहिला मोठा प्रवास. त्याआधी सामान बांधलं नव्हतं असं नाही. उलट बाईंएवढी बांधाबांध गल्लीत कुणी पाहिली नसेल. पण तिची कारणं वेगळी होती.

तांब्या मूळचा आजीचा, तेरचा. आजी आषाढीला पायी पंढरपूरला जायची. तिची बॅग म्हणजे पडशी: खांद्यावर टाकली की एक झोळी पुढे, एक मागे. पुढच्या झोळीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि टाळ. मागच्या झोळीत एक लुगडं आणि पांघरायची चवाळी. एवढ्यात तिचं सगळं भागायचं. तांब्या मात्र पडशीत नसे, हातात असे. भरलेला. रिकाम्या तांब्यानं उंबरा ओलांडू नये, हे आजीचं शास्त्र. ते शास्त्र कुठल्या पोथीत नव्हतं. तेरणेच्या कोरड्या पात्राकडे पाहत मोठ्या झालेल्या आजीला त्यासाठी पोथी लागत नव्हती.

१९७२ साली बाई शाळकरी होत्या. त्या दुष्काळात घरातली मोठी माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. कामावर सुखडी मिळे, रेशनला परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. दुपारी तांब्या घेऊन कामावर जाणं हे पोरीचं काम. रस्त्याने कुणीही ‘दोन घोट दे गं’ म्हणे, आणि नाही म्हणायची सोय नव्हती. वडलांपर्यंत तांब्या पोचेस्तोवर तो निम्मा झालेला असे. वडील झाकणात पाणी ओतून प्यायचे, उरलेलं शेजारच्याला द्यायचे. पोटावरचा पोचा त्याच उन्हाळ्यातला, खडीच्या ढिगावर पडल्याचा.

पुढे डी.एड.साठी घर सुटलं तेव्हा पत्र्याची ट्रंक आली. झाकणावर पेंटरने पांढऱ्या रंगात नाव, गाव, तालुका, जिल्हा असं सगळं रंगवलेलं. ढोकीला बार्शी लाइट पकडायची. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ही छोटी गाडी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू केली आणि १९११ पर्यंत ती लातूरला पोचली. डब्यात ट्रंक बाकाखाली, वळकटी बाकावर, तांब्या मांडीवर. येडशीचं रान मागे पडेपर्यंत पोरगी तांब्याची कडी सोडायची नाही.

सामान बांधायची खरी कला मात्र बाई वारीत शिकल्या नाहीत आणि वसतिगृहातही नाही. ती त्यांना भूम-वाशीकडच्या शाळेत कळली. दसरा झाला की वर्गातली पोरं कमी होऊ लागत. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी टोळीने ऊसतोडीला निघत, कुणी सोलापूरकडे, कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, काही पार कर्नाटकात. सहा महिन्यांचा संसार एका गाडीत मावला पाहिजे. खाली ज्वारीची पोती, त्यावर पत्र्याची पेटी, भांडी, झोपडीवजा कोपीसाठी ताडपत्री आणि बांबू, मधे म्हातारं माणूस किंवा तान्हं पोर, मागे बांधलेली शेळी. घागर आणि तवा सगळ्यात शेवटी चढायचा, कारण मुक्कामाला तोच सगळ्यात आधी उतरायचा. आधी काय लागणार ते शेवटी ठेवायचं. तिसरीतली एक मुलगी हे इतकं सहज सांगून गेली की बाईंनी ते तेव्हाच मनात टिपून ठेवलं.

आणि एकदा बांधायला वेळच मिळाला नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. भूकंप. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून माणसं उशिरा झोपलेली. किल्लारी लातूर जिल्ह्यात, पण धाराशिव जिल्ह्यातल्या सास्तूर आणि आसपासच्या गावांचाही दगडांचा ढीग झाला. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद. पिढ्यान्‌पिढ्या उन्हापासून वाचवणारी तीच घरं अंगावर आली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. मदतीला गेलेल्या शिक्षकांत बाई होत्या. ढिगाऱ्यातून निघालेली भांडी एका बाजूला रचली होती: चपटी झालेली पातेली, पोचे पडलेल्या घागरी. कुणाची कोणती, हे सांगायला काही घरांतून कुणीच उरलं नव्हतं.

त्यानंतर कितीतरी महिने लोक अंगणात झोपत. बाईंच्या दाराशी एक पिशवी कायम भरलेली असे. सर्टिफिकेटं, बँकेचं पुस्तक, मंगळसूत्र, टॉर्च. शेजारी भरलेला तांब्या.

एप्रिल २०१६ मध्ये पाण्यालाच प्रवास करावा लागला. मिरजेहून लातूरसाठी पाण्याची रेल्वे निघाली. पहिल्या फेरीत दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. ती धाराशिववरूनच पुढे गेली. बाईंच्या घरी तेव्हा आठवड्यातून एकदा नळ यायचा आणि तो येईल तेव्हा कुणीतरी घरी लागायचं. मुलाच्या लग्नाची खरेदीसुद्धा नळाचा वार चुकवून ठरली होती.

अशा हातांनी आता जलसफरीची बॅग भरायची होती.

यादी मुलाने पाठवली. तिच्यात काय न्यायचं यापेक्षा काय न्यायचं नाही हेच जास्त होतं. इस्त्री नाही, किटली नाही, एक्स्टेन्शन बोर्ड नाही, उदबत्ती-मेणबत्ती नाही. भर समुद्रात आग लागली तर पळायला जागा नसते, म्हणून जहाजावर आगीचं भय सगळ्यांत मोठं. बाईंनी बॅगेच्या तळाशी ठेवलेला पाणी तापवायचा रॉड निमूट बाहेर काढला. तो गेली तीस वर्षं प्रत्येक लग्नाला गेला होता. बाहेरचं खाणंही चालणार नव्हतं. कुंथलगिरीच्या पेढ्यांचा डबा शेजारणीच्या घरी गेला, त्यामुळे तिचा सल्ला जरा मवाळ झाला.

कागदांचं प्रकरण निराळंच. लक्षद्वीपला जायला भारतीय माणसालाही प्रवेश परवाना लागतो. अर्जातला जिल्हा आणि आधारकार्डावरचा जिल्हा जुळेना. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण बाईंच्या कार्डावर जुनंच नाव होतं. “एकाच घरात राहून माझे दोन जिल्हे झाले,” बाई म्हणाल्या. शेवटी कार्डावर आहे तेच लिहायचं ठरलं आणि परवाना आला.

मग मुलाने एक गोष्ट समजावली. बंदरावर मोठी बॅग तुमच्याकडून घेतात, चिठ्ठी लावतात आणि ती खोलीत यायला काही तास लागतात. तोवर लागेल ते हातातल्या पिशवीत ठेवायचं: गोळ्या, चष्मा, एक जोडी कपडे, कागद. सुटण्याच्या सुमारास सगळ्यांना ठरलेल्या जागी बोलावून लाइफ जॅकेटची कवायत होते, तिलाही जावंच लागतं. बाईंनी मान डोलावली. घागर आणि तवा शेवटी. हे त्यांना भूमच्या पोरीने आधीच शिकवलं होतं.

राहता राहिला तांब्या. एवढं मोठं जहाज पितं काय, हे बाईंना कळून घ्यायचं होतं. मुलाने सांगितलं की बरंचसं पाणी जहाज समुद्राचंच बनवतं. खारं पाणी कमी दाबाखाली उकळून त्याची वाफ थंड करतात, किंवा बारीक पडद्यातून जोराने दाबून मीठ मागे ठेवतात. लक्षद्वीपचं पाणी तर आणखी नवलाचं. सगळी बेटं मिळून जेमतेम ३२ चौरस किलोमीटर जमीन. एकटा धाराशिव जिल्हा साडेसात हजारांहून मोठा. नदी नाही. प्रवाळाच्या वाळूखाली पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगतं. हावरेपणाने उपसलं की खालचं खारं वर येतं. म्हणून २००५ मध्ये कवरत्तीला दिवसाला एक लाख लिटर गोडं पाणी करणारा प्रकल्प उभा राहिला. समुद्राच्या वरच्या कोमट पाण्याची कमी दाबाखाली वाफ करायची आणि साडेतीनशे मीटर खोलीवरून आणलेल्या गार पाण्याने ती थंड करायची.

“म्हणजे चारी बाजूंनी पाणी आन् प्यायला मापात,” बाई म्हणाल्या. बोअर किती फूट गेला तरी फक्त धूळ उडालेली त्यांनी पाहिली होती. बेटावरच्या माणसांशी न भेटताच ओळख झाल्यासारखं त्यांना वाटलं.

समुद्राशी आपलं काय नातं, असं शेजारणीने विचारलं तेव्हा बाईंच्यातली शिक्षिका जागी झाली. तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. तिच्यात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे. तिथलं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात जाई आणि तिथून जहाजांवर चढे. हे तगर म्हणजे तेर, असं संशोधक फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडलं. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी बाहुली आहे. तिच्या जातकुळीची दुसरी बाहुली पार इटलीत, पॉम्पेईच्या राखेत सापडली. शाळेची सहल नेली की बाई पोरांना त्या बाहुलीपुढे उभं करून विचारायच्या, “सांगा, हिच्या बहिणीला कुणी, कशात गुंडाळून पाठवलं असंल?” एकाने उत्तर दिलं होतं, “बाई, कडब्यात.” बाईंनी त्याला पूर्ण मार्क दिले.

निघायच्या रात्री बॅग बंद झाली. सातारा-सांगलीकडच्या पाहुण्यांना अजून वाटतं की धाराशिवला रेल्वे नाही. जुनी बार्शी लाइट शहराला बाजूला ठेवून येडशीवरून जायची. रुंदीकरणात रूळ शहरापर्यंत आले. लातूर–मुंबई एक्सप्रेस रात्री बसवते आणि सकाळी सीएसएमटीला उतरवते. तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने अगदी जवळ. एका हातात चाकांची बॅग, दुसऱ्यात तांब्या. काठोकाठ भरलेला. उंबरा ओलांडताना बाईंनी मागे वळून नळ नीट बंद आहे ना, ते पाहिलं.

बंदरावर मोठी बॅग चिठ्ठी लावून निघून गेली. तपासणीच्या पट्ट्यापाशी शिपायाने तांब्याकडे बोट दाखवलं.

“आजी, याच्यात काय?”

“पाणी. गावाकडचं.”

“पाणी आत नाही चालणार. त्या डब्यात ओता.”

डब्यात केळीची सालं आणि कागदी पेले होते. बाईंनी रांग सोडली. झाकण प्रवासात घट्ट बसलं होतं. आजी करायची तसा बुडावर तळव्याने एक ठोसा दिला आणि तीन वेढे उलटे फिरवले. झाकणात ओतून स्वतः प्यायल्या. पुढच्या कुटुंबातली एक मुलगी टक लावून पाहत होती. तिला दिलं, तिच्या आईला दिलं. तरी निम्मा तांब्या उरला. भिंतीशी कुंड्यांची ओळ होती, पानांवर मुंबईची काजळी. बाई वाकल्या आणि माती जिरवेल तेवढ्या बेताने, थांबत थांबत, शेवटच्या थेंबापर्यंत ओतत राहिल्या. मागून कुणीतरी घाई करत होतं. त्यांनी तांब्या पदराने आतून पुसला आणि पट्ट्यावर ठेवला.

पडद्यावर तो काळा ठिक्कर उमटला. शिपायाने पट्टा थांबवला, तांब्या उचलला, कानाशी नेऊन हलवला.

“रिकामा आहे,” बाई म्हणाल्या. आणि आपणच म्हटलेलं पुन्हा एकदा, जरा हळू म्हणाल्या, “रिकामाच आहे.”