पासंग

आमच्या धंद्यात शून्य हे शून्य नसतं. व्हॉल्व्ह पूर्ण बंद हवा असेल तर कंट्रोल रूममधून ४ मिलिअँपिअरचा करंट येतो आणि पूर्ण उघडा हवा असेल तर २०. वायर तुटली तर करंट खरोखरच शून्यावर जातो. ‘बंद कर’ असा निरोप आलाय की निरोप आणणारी वायरच गेलीय, हे कळायला हवं ना! म्हणून बंदचं शून्य चारवर ठेवलेलं असतं. नव्या पोरांना मी हे नेहमी ऐटीत सांगतो. पण शून्य म्हणजे काय हे मला स्वतःला कळलं ते झरी जामणीकडे.

वणीहून मुकुटबनच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना कापूस दिसायला लागतो. त्या तालुक्यातल्या एका लहानशा युनिटवर कामाला गेलो होतो. गरम पाण्याच्या लाइनीवर एक बटरफ्लाय व्हॉल्व्ह आणि त्याच्या डोक्यावर हवेवर चालणारा रोटरी ॲक्चुएटर. आत समोरासमोर दोन पिस्टन, त्यांना दाते, मधे पिनियन. पिस्टन सरकले की पिनियन फिरतो आणि व्हॉल्व्हची चकती पाव फेरा, म्हणजे ९० अंश वळते. सील गेले होते. ॲक्चुएटर उतरवला, नवे सील टाकले, परत चढवला. मग पोझिशनरचं ऑटो कॅलिब्रेशन. यात आपल्याला फक्त बटण दाबायचं असतं. तो स्वतःच व्हॉल्व्हला दोन्ही टोकांना नेतो आणि टोकं लक्षात ठेवतो. स्क्रीनवर ०.० आलं. मला पाचची बस गाठायची होती.

व्हॉल्व्हच्या पुढचा एक फ्लँज खोलून गॅस्केट बदलायचं तेवढं राहिलं होतं. तिथले फिटर काका पाना घेऊन उभे होते. मी म्हटलं, “काका, व्हॉल्व्ह बंद आहे. खोला.”

काकांनी पाना खाली ठेवला आणि आधी ड्रेनचा कॉक जरासा उघडला. वाफाळती धार आली. लाइनीत उरलेलं असेल म्हणून थांबलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली, धार काही थांबेना.

“साहेब, तुमचं मशीन झिरो तं दाखवून राहिलं. मंग पाणी काहून येऊन राहिलं?”

माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी माझं ऐकून बोल्ट सैल केले असते तर ते पाणी सरळ त्यांच्या हातांवर आलं असतं. खरं तर अशा कामाआधी हातानं फिरवायचा वेगळा व्हॉल्व्ह बंद करून त्याला कुलूप लावायचं असतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. घाई होती, एवढंच.

चूक सापडायला वेळ लागला नाही. ॲक्चुएटर कुठे थांबायचा ते ठरवणारे दोन बोल्ट असतात. बंद बाजूचा बोल्ट जास्त आत गेला होता, त्यामुळे चकती सीटवर बसायच्या काही अंश आधीच अडत होती. पोझिशनरला चकती दिसत नाही, त्याला फक्त वरचा दांडा किती फिरला ते कळतं. दांडा जिथे अडला त्याला त्यानं प्रामाणिकपणे शून्य म्हटलं.

हातव्हॉल्व्ह बंद केला, कुलूप लावलं, ॲक्चुएटरची हवा सोडून दिली. नट सैल करून बोल्ट थोडा थोडा बाहेर काढला. व्हॉल्व्हच्या दांड्यावर चकतीची दिशा दाखवणारी खूण असते, ती पाइपला बरोबर आडवी आणली. नट आवळला आणि मगच परत ऑटो कॅलिब्रेशन. नंतर व्हॉल्व्ह बंद ठेवून हातव्हॉल्व्ह उघडला, ड्रेन पाहिला. कोरडा. पुन्हा हातव्हॉल्व्हला कुलूप, आणि तेव्हा कुठे गॅस्केट.

बस केव्हाच गेली होती. चहा घेताना मी काकांना विचारलं, “तुम्हाला शंका कशी आली?”

“शंका नाही आली साहेब. सवय हाय.” त्यांच्या घरी जुना तराजू होता. एक पारडं जरा जड, म्हणून दुसऱ्याला पासंगाचा खडा बांधलेला. कापूस घालायच्या आधी वडील रिकामा तराजू उचलून दांडी पाहायचे. रोज. “खडा कालचाच राहे, पण बुढा रोज पाहे.”

‘पासंगालाही न पुरणे’ हा वाक्प्रचार मी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवला होता. त्याचा अर्थ त्या चहाच्या टपरीवर नीट कळला, आणि त्यातला न पुरणारा मीच होतो.

असो. तेव्हापासून स्क्रीनवर शून्य दिसलं तरी मी आधी ड्रेन उघडून बघतो. नव्या पोरांना ४ मिलिअँपिअरची गोष्ट अजून सांगतो, पण आता ही आधी सांगतो.