गड्ड्यावरचा आकाशपाळणा

सोलापूरला मकरसंक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत सिद्धेश्वराची यात्रा भरते. उंच नंदीध्वजांची मिरवणूक पाहून झाली की आम्हा मुलांना होम मैदानावरच्या गड्ड्याचे वेध लागत. ‘मौत का कुआँ’मध्ये मोटारसायकल लाकडी भिंतीवर चढली की आमच्या पायांखालच्या फळ्या थरथरत, पण खरी धास्ती आकाशपाळण्याची. तो वरून खाली येऊ लागला की पोटात गोळा उठे. मी डोळे मिटून अण्णांचा हात घट्ट धरी. अण्णा मात्र हसत असत.

ते खाली येणे जाणवण्यात अंतर्कर्णातील कॅल्शियमच्या सूक्ष्म कणांचा वाटा असतो, हे पुढे शिकलो. उतारवयात कधी हेच कण जागचे सुटून अर्धवर्तुळाकार नलिकांत शिरतात. मग कुशीवर वळताच खोली गरगरते.

गेल्या हिवाळ्यात अण्णा पहाटे पलंगाचा कठडा धरून उभे दिसले. अनेक आठवडे त्यांना अशी भोवळ येत होती. आम्हांला घोर नको म्हणून ते बोलले नव्हते. तपासणीनंतर डोके ठरावीक क्रमाने वळवण्याच्या उपचाराने ती थांबली. तोवर ते पडले असते, तर?

म्हणून वडीलधाऱ्यांना चक्कर येते का, हे आपणहून विचारावे. भोवळीबरोबर बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले वा हातपाय लुळे पडले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

परवा गड्ड्याचा विषय निघाला. अण्णा हळूच म्हणाले, “पाळण्यात मीच तुझा हात धरत होतो रे.”