मीठबंदर ते घारापुरी

कोपरीत राहणाऱ्यांना आपण बेटावर राहतो याचा सहसा विसर पडलेला असतो. साष्टी बेटाची पूर्वेकडील कड म्हणजे आमची कोपरी. पुढे खाडी, आणि खाडीपलीकडे कळवा, ऐरोली. मीठबंदर रस्त्याच्या नावात मीठही आहे आणि बंदरही. परंतु आज रस्ता संपतो तेथे दिसतो तो चिखल आणि तिवरांचे दाट रान. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून आगगाडी ठाण्यास आली, आणि गावाने हळूहळू पाण्याकडे पाठ फिरवली. टेंभी नाक्याच्या मंदिरात श्रीपालकथेच्या चित्रांसमोर उभे राहिले की तेवढ्यापुरते आठवते, तो राजाही ठाण्याच्या किनाऱ्याला समुद्रातूनच लागला होता.

माझ्या सासूबाईंना मात्र हा विसर कधीच पडला नाही. लहानपणी त्यांनी खाडीत शिडाचे पडाव पाहिलेले. शहात्तराव्या वर्षी त्यांनी एकच हट्ट धरला, "एकदा मला होडीने बेटावर ने." लोकलने मुंबई, तेथून गेटवे, पुढे तासाभराची लाँच, त्यांच्या गुडघ्यांचे कारण सांगून आम्ही ते टाळत आलो. १७ फेब्रुवारी २०२२ रोजी बेलापूरहून घारापुरीसाठी वेगवान जलटॅक्सीचे उद्घाटन झाले आणि आमची सबब संपली. ठाण्याहून पनवेल गाडीत बसले की बेलापूर थेट येते.

निघण्याआधी त्यांनी विचारले, "आज तिथी कोणती?" द्वादशी. बोटे मोजून त्या म्हणाल्या, "तिथीची पाऊणपट करायची. बाराची पाऊणपट नऊ. नवाच्या सुमारास भरती." धक्क्यावर पाहतो तो खलाशीही तेच सांगत होता : या खाडीत पाणी उथळ, ओहोटीला बोट गाळात अडकते, तेव्हा बाराच्या आत परता. लक्षावधी रुपयांचे इंजिन असो, वेळापत्रक अजून चंद्राच्याच हाती आहे.

अंगावर जीवरक्षक जॅकेटे चढली. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच बेटाकडे निघालेल्या प्रवासी लाँचला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली व माणसे गेली, तेव्हा त्या घट्ट पट्ट्यांची मला फार आठवण झाली. एका वेगानंतर बोटीने नाक उचलले, तिचा तळ पाण्यावर चढला आणि ती जणू लाटांवर आपटत धावू लागली. शिवडी-न्हावाशेवा सागरी पुलाचे काम तेव्हा सुरू होते. त्याच्या खांबांमधून आम्ही पार झालो. तुषारांमुळे काही धड दिसेना. "पाण्याचा वास येतो गं, पण पाणी दिसत नाही," त्या म्हणाल्या. मला वाटते, वेगाविषयीची ती तक्रार योग्यच होती; पण त्या वेगावाचून त्या येथवर आल्याच नसत्या.

घारापुरीच्या धक्क्यावरची छोटी आगगाडी त्यांना फार आवडली. पायऱ्या शंभराहून अधिक. त्या खालीच बसल्या. लेण्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, मी भर घालत नाही. परत आले तेव्हा काकडी-कैरी विकणाऱ्या एका बाईंशी त्यांचे बोलणे रंगले होते. बेटावर समुद्राखालच्या केबलने वीज आली ती २०१८ च्या फेब्रुवारीत, तोवर संध्याकाळचे थोडे तास जनरेटर. "ती तर आली," त्या बाई म्हणाल्या, "पण रात्री कुणाचं दुखलं-खुपलं तर आमचीच होडी काढावी लागते, उरणला न्यायला."

"ही नवी बोट?" सासूबाईंनी विचारले.

"ती पाहुण्यांना आणते न् पाहुण्यांबरोबर जाते. रात्री ती कुठं असते?"

या प्रश्नाला आमच्यापैकी कोणापाशी उत्तर नव्हते. घाईच्या माणसासाठी वेग, ही साधी गोष्ट; मात्र ज्यांची घाई जिवाची, ते वेळापत्रकाबाहेरच. एवढ्यात खलाशाने हाक दिली. पाणी उतरू लागले होते.

कोपरीत परतल्यावर त्या दिवसभर गप्पच होत्या. कल्याण-ठाणे-मुंबई हा २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ ठरला आहे, हे मी त्यांना सांगितले. "मग मीठबंदरावरून बोट कधी?" असे त्यांनी विचारले नाही. रात्री जेवणे आटोपल्यावर घड्याळाकडे पाहिले. नऊ वाजून गेले होते.

"आता भरली असेल खाडी," त्या म्हणाल्या.