त्याचा टॉवेल कुठाय?

मागच्या शनिवारी इथे पिट्सबर्गला बऱ्याच दिवसांनी धड ऊन पडलं, म्हणून आम्ही तिघं नदीकाठी फिरायला गेलो. (ऑनसाइट येऊन दीड वर्ष झालं, पण वीकेंडला लॉन्ड्री आणि ग्रोसरी सोडून काही केल्याचं आठवत नाही. असो.) अ‍ॅलेघेनी नदीच्या उत्तर काठावर एक भला मोठा पुतळा आहे. आपल्याकडे पुतळा म्हटला की घोडा, तलवार, गेला बाजार वर केलेलं बोट तरी हवंच. इथे एक माणूस खाली बसून चक्क बुटाची लेस बांधतोय. आमची चिऊ, वय वर्षे चार, लगेच त्याच्यासमोर फतकल मारून आपल्या लेसशी खेळायला लागली.

हे फ्रेड रॉजर्स. १९६८ ते २००१ या काळात अमेरिकेत 'मिस्टर रॉजर्स नेबरहूड' नावाचा मुलांचा कार्यक्रम लागायचा, त्याचे कर्तेधर्ते. कार्यक्रम याच गावात तयार व्हायचा. दारातून आत यायचं, कोट काढून स्वेटर चढवायचा, बूट बदलायचे आणि कॅमेऱ्यात बघून समोरच्या पोराला आपला शेजारी व्हायचं आमंत्रण द्यायचं. घरात आल्यावर बाहेरचे बूट काढणारा अमेरिकन बघूनच मला हा माणूस आवडला!

मला माहीत नव्हतं ते हे, की रॉजर्स पाद्री होते. टीव्हीची नोकरी सांभाळून, जेवणाच्या सुट्टीत वर्ग करून त्यांनी सेमिनरीचा अभ्यास पुरा केला. १९६३ मध्ये प्रेस्बिटेरियन चर्चने त्यांना दीक्षा दिली ती टीव्हीवरून मुलांची सेवा करण्यासाठीच. म्हणजे स्टुडिओ हेच त्यांचं चर्च. आणि तरी कार्यक्रमात प्रवचन नाही, बायबलची वचनं नाहीत. फक्त 'शेजारी' हा एक शब्द.

तो शब्द मात्र थेट बायबलातला. लूकच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात, एक शास्त्री येशूला विचारतो की शेजाऱ्यावर प्रेम करायचं हे ठीक, पण शेजारी म्हणायचं कुणाला? आमच्या भाषेत सांगायचं तर त्याला रिक्वायरमेंटचा स्कोप फ्रीझ करून हवा असतो. एवढ्यांवर प्रेम, बाकीचे आउट ऑफ स्कोप. येशू त्याला गोष्ट सांगतो. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या एकाला लुटारूंनी अर्धमेला करून टाकलंय. याजक बघतो आणि पलीकडच्या बाजूने निघून जातो, लेवीही तेच करतो. थांबतो तो शोमरोनी, म्हणजे ज्यांच्याशी यहुदी लोक संबंधच ठेवत नसत त्यांच्यातला. जखमा बांधतो, उतारशाळेत नेतो, खर्चाचे पैसेही भरतो. मग येशू प्रश्नच उलटा फिरवतो, की या तिघांत शेजाऱ्यासारखं वागलं कोण? संडे स्कूलमध्ये जाणाऱ्या पोरांना ही गोष्ट तोंडपाठ असते. तोंडपाठ होणं सोपं आहे हो.

रॉजर्सनी ती कशी शिकवली, ते ९ मे १९६९ च्या भागात बघा. उकाड्याचा दिवस, रॉजर्स प्लास्टिकच्या छोट्या हौदात पाय सोडून बसलेत. ऑफिसर क्लेमन्स येतो. ही भूमिका करणारे फ्रॅन्स्वा क्लेमन्स हे कृष्णवर्णीय गायक. रॉजर्स त्यांनाही पाय बुडवायला बोलावतात. ते म्हणतात, टॉवेल नाहीये माझ्याकडे. रॉजर्स म्हणतात, माझा घ्या की. मग बूट-मोजे उतरतात आणि एकाच पाण्यात दोन गोरे पाय, दोन काळे पाय. भाषण नाही, काही नाही.

याच पिट्सबर्गमध्ये १९३१ साली हायलँड पार्कचा पोहण्याचा तलाव उघडला, तेव्हा तिथे आलेल्या कृष्णवर्णीयांना गोऱ्यांनी मारहाण केली होती. १९६४ मध्ये फ्लोरिडात सेंट ऑगस्टीनला काळे-गोरे एकत्र पाण्यात उतरले, तर मोटेलच्या मॅनेजरने तलावात अ‍ॅसिड ओतलं. आपण नाकं मुरडायचं कारण नाही. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर लोकांना मारहाण झाली आणि नंतर तळं 'शुद्ध' करून घेतलं गेलं, हे आपल्याला शाळेतच शिकवलंय.

आणि रॉजर्सना लगेच देव्हाऱ्यात बसवायला नको. क्लेमन्स समलिंगी. ते उघड झालं तर कार्यक्रमात राहता येणार नाही, असं रॉजर्सनीच त्यांना सांगितलं होतं. हे क्लेमन्सनी स्वतः सांगितलंय, आणि रॉजर्स आपल्याला वडिलांसारखे होते हेही. थोडक्यात, स्कोपचा प्रश्न त्यांनाही पूर्ण सुटला नव्हता.

आता माझी गोष्ट. आमच्या पुण्याच्या घरी भांडी-धुण्याला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा असतो. मी चौथीत असल्यापासून त्या येतात, तेव्हापासून कप खिडकीच्या कट्ट्यावर पालथा. त्याबद्दल घरात कुणी कधी अवाक्षर बोललेलं मला आठवत नाही. दिवाळीत आम्ही गेलो होतो तेव्हा मावशींनी चिऊकडे पाणी मागितलं. चिऊ स्टूल ओढत गेली, ओट्यावरचे चार पेले सोडून खिडकीतला तो कप काढला आणि त्यात पाणी घेऊन आली. आठ दिवसांत शिकली होती. आई कौतुकाने म्हणाली, "बघ, पोरीच्या कसं लक्षात राहतं!" मी सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. ऐकलं, आणि मेल वाचत राहिलो.

पुतळ्याहून परत आल्यावर चिऊला तो भाग लावून दिला. ती एकटक बघत होती. मग म्हणाली, "बाबा, पण त्याचा टॉवेल कुठाय?"

"त्याने आणला नाही. दोघांचा एकच."

"नाही, त्याचा वेगळा कुठाय?"

रात्री आईला फोन केला. आधी इकडचं तिकडचं, मग कपाचं बोललो. ती म्हणाली, "अरे, त्यांनाच तसं बरं वाटतं. आणि इतकी वर्षं डोळ्यांसमोर होता की, अमेरिकेत जाऊन बरा दिसला तुला!" ह्यावर मला उत्तर सुचलं नाही.

गणपतीत पंधरा दिवस जातोय. तो कप फडताळात बाकीच्या कपांत ठेवायचा, असं चिऊचं आणि माझं ठरलंय. आई काय म्हणेल ते मला माहितीये. मावशी काय म्हणतील, ते मात्र इतक्या वर्षांत कधी विचारलंच नाही.